नागपूरचे हेरिटेज वॉक: थंडीपासून जाऊन राहिलो, आता सांगते कसे आहेत ते

थंडी सुरू झाली तेव्हापासून मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघी रविवारचे हेरिटेज वॉक, म्हणजे पायी फिरून जुन्या वास्तू बघायच्या, आणि मग उन्हाळ्यात वॉकवाल्यांचीच हॉलमधली लेक्चरं असं बऱ्यापैकी नियमित करून राहिलोय, तर आता बोलायला हरकत नाही. पहिले हे सांगते, महाल म्हणजे आपल्या जुन्या नागपूरची वस्ती, तिथला वॉक सोडू नका. बाकीचे वेळ असला तर.

महालात रघुजी भोसले कधी आले वगैरे दोन मिनिटांत उरकतात आणि सरळ वाड्यात नेतात. एका चौकात आम्हाला कितीतरी वेळ एकाच सागवानी खांबापाशी उभं केलं, अक्षरशः एकच खांब! खाली दगडी तळखडा, तो कशाला तर लाकडाला जमिनीची ओल लागू नये, वाळवी चढू नये म्हणून, वर सुरूच्या झाडासारखा निमुळता होत गेलेला सुरूदार खांब, त्यावर कोरीव हस्त म्हणजे तुळईला आधार देणारे लाकडी हात, हस्ताखाली कोरलेलं केळफूल आणि सगळ्यांच्या वर आडवी तुळई. ऑइलपेंटचे एवढे थर बसलेत की पाकळ्या पार बुजल्या, आणि शेजारीच विजेचं मीटर ठोकलेलं. वॉक घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, बोट फिरवून बघा. फिरवलं तर पाकळी न् पाकळी लागत होती हो! तेव्हापासून इतवारीत किराण्याला गेलं तरी माझी मान वरच, पिशव्या जाऊबाईंनी सांभाळायच्या.

जाऊचं माहेर महालातलंच, तिला वाटत होतं मला काय नवीन सांगणार हे लोक. पण गोंडराजा चांद सुलतानाने शहराला कोट बांधला होता आणि आपलं गांधीगेट हे त्याच कोटाचा दरवाजा, हे तिलाही तिथेच कळलं, जन्मभर त्याच्याखालून स्कूटी काढली तरी.

सिव्हिल लाइन्सचा वॉक मात्र ठीकठाक. हायकोर्टाची बिल्डिंग १९४० ची, आर्किटेक्ट हेन्री मेड, दिल्लीत कॅथेड्रल बांधलं तोच, हे सगळं गेटच्या बाहेर उभं राहून ऐकायचं, माइक नाही म्हणून मागच्यांना नुसते हॉर्न, आणि आतलं काय ते मोबाइलवर दाखवतात. ते तर मी घरी चहा पिता पिता पाहिलं असतं ना.

झिरो माइलच्या दगडापाशी वॉक घेणाऱ्या एका पोराने नेहमीचंच ऐकवलं, इथून सगळ्या देशाची अंतरं मोजायचे वगैरे. पुढच्या खेपेला एक रिटायर्ड इंजिनीअर काका आले, त्यांनी काही न सांगता आम्हालाच दगड वाचायला लावला, जीटीएस स्टँडर्ड बेंच मार्क १९०७. जीटीएस म्हणजे इंग्रजांच्या काळातला जमीन मोजणीचा ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. आणि मग सांगितलं की बेंच मार्क ही समुद्रसपाटीपासूनची उंची मोजायची खूण आहे, अंतराची नाही. म्हणून म्हणते, बुक करायच्या आधी सांगणारं कोण आहे ते विचाराच.

सीताबर्डीचा किल्ला सैन्याकडे, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट असा मोजक्या दिवशीच उघडतो. आम्ही २६ ला गेलो, गर्दी अशी की इथली इंग्रज-भोसल्यांची १८१७ ची लढाई पुन्हा लागली की काय.

लेक्चरांमध्ये एम्प्रेस मिलवालं बेस्ट होतं. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली गिरणी, आज तिथे मॉल आहे, एवढं तर आपल्याला माहीतच असतं. पण प्रश्नोत्तरांत एक आजोबा उठले, त्या गिरणीत काम केलेले, भोंगा कधी वाजायचा, खात्यात कापूस कसा नाकातोंडात जायचा, एवढं मस्त सांगून राहिले होते, तर वेळ झाली म्हणून त्यांना खाली बसवलं. काहून पण? स्लाइडा पुढच्या आठवड्यात दाखवता आल्या असत्या. त्यांचं रेकॉर्डिंग करायचं सोडून आभारप्रदर्शन करत बसले बे हे लोक.

बाकी सातचा वॉक साडेसातला निघतो. बायकांनी घरूनच बाथरूमला जाऊन यावं, रस्त्यात सोय नाही. फी जास्त नाही, एका सिनेमापेक्षा कमीच. महालच्या वॉकची जागा मेसेज पडल्या पडल्या भरते, त्यामुळे आधी नाव द्या आणि मग घरच्यांना विचारा.