जमीन आहे, सातबारा नाही : ‘सिटीज : स्कायलाइन्स’चे परीक्षण

बर्जेसची समकेंद्री वलये (केंद्राभोवती एकाबाहेर एक पट्टे), हॉइटचे वृत्तखंड (केंद्रातून बाहेर जाणाऱ्या पाचरी) आणि हॅरिस-उलमन यांची बहुकेंद्री रचना (अनेक केंद्रांचे शहर), अशा शहराच्या रचनेच्या तीन आकृत्या वहीत उतरवल्या की शहरांच्या वाढीचे प्रकरण संपले, असे आपल्याकडे भूगोलाच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत सर्रास मानले जाते. ती वलये कोण आखतो, जागेचा भाव कशाने चढतो आणि त्या चढलेल्या भावाचा धनी कोण होतो, हे प्रश्न आकृतीबाहेर राहतात. ‘सिटीज : स्कायलाइन्स’ हा संगणकावर खेळायचा शहरउभारणीचा खेळ यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांशी बऱ्यापैकी प्रामाणिकपणे भिडतो आणि तिसऱ्याला शिताफीने बगल देतो. करमणूक म्हणून त्याची परीक्षणे पुष्कळ झाली आहेत. येथे तो शहरांविषयी काय शिकवतो, एवढेच पाहायचे आहे.

फिनलंडमधील टाम्पेरे येथील कोलोसल ऑर्डर या छोट्या कंपनीने तयार केलेला पहिला भाग मार्च २०१५ मध्ये आणि दुसरा ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आला. या प्रकारच्या खेळांचे मूळ मात्र १९८९ च्या ‘सिमसिटी’त आहे आणि ‘सिमसिटी’चे बीज जे फॉरेस्टर या अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापकाच्या विचारात आहे. बोस्टनच्या माजी महापौरांशी झालेल्या चर्चांमधून फॉरेस्टर यांनी १९६९ मध्ये शहराचे एक संगणकीय प्रतिमान मांडले. घरे, उद्योग आणि माणसे यांच्या परस्परांवरील परिणामांची समीकरणे त्यात होती, आणि स्वस्त घरे बांधण्याच्या सरकारी योजनांनी शहराची अवनतीच होते, असा वादग्रस्त निष्कर्ष त्यातून निघाला. ‘सिमसिटी’चे निर्माते विल राइट यांनी हे प्रतिमान अभ्यासले होते. तेव्हा असा कोणताही खेळ निव्वळ खेळ नसतो, त्याच्या पोटात एक सिद्धान्त दडलेला असतो. फक्त त्यावर कर्त्याचे नाव छापलेले नसते.

पहिल्या भागाची मांडणी सोपी आहे. नकाशाचा एक तुकडा आणि थोडे भांडवल हाती येते. रस्ता टाकायचा, त्याच्या कडेने निवासी, व्यापारी, औद्योगिक किंवा कचेऱ्यांचा पट्टा रंगवायचा, पाणी आणि वीज पोहोचवायची, की माणसे येऊ लागतात. शाळा, उद्याने, अग्निशमन केंद्र जवळ असले की जागेचे मोल वाढते, इमारतींचा दर्जा वर चढतो आणि कराचे उत्पन्न वाढते. कर फार वाढवला किंवा सुविधा दिल्या नाहीत, तर लोक घर सोडून निघून जातात. माणसे नापसंती मतपेटीतून नव्हे तर स्थलांतरातून व्यक्त करतात, हा अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स टीबाऊ यांनी १९५६ मध्ये मांडलेला विचार येथे जवळजवळ जसाच्या तसा राबवलेला दिसतो.

या खेळाची खरी ताकद वाहतुकीत आहे. प्रत्येक रहिवाशाला घर आणि कामाचे ठिकाण नेमून दिलेले असते, कारखान्यातील माल दुकानापर्यंत जावा लागतो, कचऱ्याची गाडी आणि शववाहिनीही त्याच रस्त्याने धावते. त्यामुळे निवासी पट्टा एका टोकाला आणि कारखाने दुसऱ्या टोकाला ठेवून मध्ये एकच पूल बांधणाऱ्या खेळाडूचे शहर वाढता वाढता गळ्याशी आवळले जाते. भूमी उपयोजन (कोणती जमीन कशासाठी वापरायची) आणि वाहतूक या एकाच निर्णयाच्या दोन बाजू आहेत, हे अनेक व्याख्यानांपेक्षा तो अडलेला पूल चांगले समजावून सांगतो. एका दमात वसवलेल्या वसाहतीतील रहिवासी साधारण एका वयाचे असल्यामुळे पुढे एकाच सुमारास मरू लागतात, हा खेळाडूंच्या चेष्टेचा विषय झालेला दोषही लोकसंख्याशास्त्राच्या दृष्टीने अगदीच खोटा नाही. उणिवाही आहेत. फार वेळ अडकलेली वाहने मूळ मांडणीत चक्क अदृश्य होतात, आणि वाहनचालक मार्ग ठरवताना पुढची कोंडी विचारात घेत नाहीत. खेळाडूंनीच तयार केलेल्या पूरक जोडण्यांनी (मॉड) यातील बरेचसे दुरुस्त करता येते.

अर्थशास्त्राकडे वळले की चित्र बदलते. विल्यम अलोन्सो यांच्या १९६४ च्या मांडणीत शहराच्या केंद्राजवळच्या जागेसाठी दुकाने, कचेऱ्या आणि घरे आपापल्या ऐपतीप्रमाणे बोली लावतात, आणि त्या चढाओढीतून वलये आपोआप तयार होतात. पहिल्या भागात अशी चढाओढच नाही. उंच इमारती कुठे येणार हे खेळाडूने कोणता रंग फासला यावर ठरते, म्हणून नकाशाच्या अगदी कडेलाही गगनचुंबी इमारतींची रांग सुखेनैव उभी राहते. बर्जेसची वलये हवी असतील तर ती हाताने रंगवावी लागतात. ज्या गोष्टीचे स्पष्टीकरण सिद्धान्ताने द्यायचे, तीच येथे महापौराच्या, म्हणजे खेळाडूच्या, मर्जीवर सोडलेली आहे. मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घेतले की यातील उणीव स्पष्ट होते. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागमध्ये गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन अधिक मोलाची ठरली, विकास नियंत्रण नियमावलीतील गिरण्यांच्या जमिनींविषयीच्या कलम ५८ वरून वर्षानुवर्षे ओढाताण झाली आणि २००१ मधील दुरुस्तीने मालकांच्या पदरात मोठे माप पडले. खेळातला औद्योगिक पट्टा मात्र खेळाडू स्वतः पुसेपर्यंत औद्योगिकच राहतो. नियम बदलून घेण्यासाठी महापौराच्या दारात कोणीही उभे राहत नाही.

याच्या मुळाशी मोठी गोष्ट आहे. या नगरीत जमिनीला मोल आहे, पण मालक नाही. नवा भूखंड विकत घेताना पैसे जातात ते कोणाला, याचा उलगडा होत नाही, कारण त्या भूखंडावर गाव नाही, शेत नाही, मिठागर नाही. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली तेव्हा नवी मुंबईच्या नकाशावर ९५ गावे होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूसंपादनग्रस्तांच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, आणि पुढे त्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आजच्या नवी मुंबईतील कित्येक वस्त्यांचा आकार या व्यवहाराशिवाय समजत नाही. तसेच रस्त्याशिवाय घर बांधता येत नाही, हा खेळाचा मूलभूत नियम आहे. आपल्याकडे आधी गुंठा, मग घर आणि कधीतरी रस्ता, असा क्रम इतका रूढ की तो नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला. फिनलंडच्या निर्मात्यांना गुंठेवारी ठाऊक असावी, अशी अपेक्षा अर्थातच कोणी करणार नाही. मात्र झोपडपट्टी, पागडी आणि सट्ट्यासाठी पडीक ठेवलेला भूखंड या गोष्टी केवळ आपल्याच नाहीत, आणि त्यांतील एकही पहिल्या भागात नाही.

सार्वजनिक खर्चातून वाढलेले जमिनीचे मोल सार्वजनिक तिजोरीतच परत यावे, असे अमेरिकी अर्थचिंतक हेन्री जॉर्ज यांनी एकोणिसाव्या शतकात आग्रहाने सांगितले होते. खेळात मधला मालकच नसल्यामुळे उद्यान बांधले की कर वाढतो आणि चक्र विनाअडथळा पूर्ण होते. नकळत का होईना, पहिला भाग हे जॉर्ज यांचे स्वप्नशहर आहे, आणि तो खेळताना वाटणारे समाधान बरेचसे त्यातूनच येते.

दुसऱ्या भागाने भाडे आणले, म्हणून सिद्धान्ताच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाकांक्षी आहे. खाली दुकाने आणि वर घरे असा मिश्र वापर त्यात आहे, कमी भाड्याच्या घरांचा वेगळा पट्टा आहे, आणि कुटुंबे आपल्या उत्पन्नाशी भाडे ताडून पाहतात. प्रत्यक्षात जागेचे मोल अनिर्बंध चढू लागले आणि जास्त भाड्याची तक्रार शहरभर दिसू लागली. त्याच वेळी तोट्यातील शहराला सरकारी अनुदान मिळत राहत असल्याने दिवाळखोरीची भीती उरली नव्हती. जून २०२४ च्या सुधारणेत अनुदान काढले गेले आणि भाडेवाढीवर उपाय म्हणून काल्पनिक घरमालकच रद्द करण्यात आला. इमारतीच्या देखभालीचा खर्च आता भाडेकरूंमध्ये सारखा वाटला जातो. म्हणजे भाड्याचा प्रश्न सोडवता सोडवता प्रत्येक इमारतीची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली, फक्त वार्षिक सर्वसाधारण सभेतील भांडणे तेवढी वगळली. घरमालक हा शहराच्या अर्थव्यवस्थेतील सर्वांत अवघड घटक आहे, याची याहून स्पष्ट कबुली एखाद्या खेळाने क्वचितच दिली असेल.

खरेदीबाबत. दोन्ही भागांत मराठी किंवा हिंदी भाषेची सोय नाही, मात्र चिन्हांवरून बरेचसे समजते. दुसऱ्या भागाला ताकदवान ग्राफिक्स कार्ड लागते आणि तो आला तेव्हा त्याचा वेग ठरवलेल्या पातळीपर्यंत पोहोचला नसल्याचे निर्मात्यांनीच मान्य केले होते. केवळ अभ्यासासाठी घेणाऱ्याने तेवढा खर्च करावा असे वाटत नाही. वर्गात दाखवण्यासाठी पहिला भाग पुरेसा आहे, आणि सवलतीच्या दिवसांत तो बराच स्वस्त मिळतो. वेगळ्या विकत घ्यायच्या पुरवण्यांचा ढीग मोठा असून बहुतेक शोभेच्या आहेत. ‘मास ट्रान्झिट’ तेवढी घ्यावी, कारण मेट्रो, मोनोरेल आणि रेल्वे एकाच स्थानकात जोडता आल्यावर प्रवासी मार्ग कसा बदलतात हे तिच्यात नीट पाहता येते. ‘स्नोफॉल’ या हिमवर्षावाच्या पुरवणीत ट्राम मिळते, पण तिच्यासाठी बर्फाचे पैसे मोजावे लागतात.