ले-आऊटची रात्रपाळी : एका खासगी सुरक्षा सेवेचा वर्षभराचा अनुभव

नागपुरात मनीषनगरच्या पुढे, बेसा रस्त्याच्या आतल्या बाजूस असलेल्या आमच्या ले-आऊटमध्ये, म्हणजे भूखंड पाडून वसवलेल्या वसाहतीत, ५८ घरे आहेत आणि गेल्या मे महिन्यात त्यांपैकी १९ घरांना एकाच वेळी कुलूप होते. शाळांना सुट्या लागल्या की कोणी गावी जाते, कोणी लेकीकडे. जे मागे राहतात ते खिडकीतला कूलर सुरू करून झोपतात आणि त्याच्या घरघरीत शेजारच्या दाराचा कोयंडा तुटला तरी कानावर येत नाही. त्यातच ४५ अंशांच्या दिवसांत ज्या घराचा कूलर रात्री मुका असतो ते घर रिकामे आहे, हे ओळखायला चोराला निराळी टेहळणी करावी लागत नाही. लागोपाठ दोन घरफोड्या झाल्यावर आम्ही प्रत्येक घरामागे दरमहा ५०० रुपये वर्गणी ठरवून एका खासगी एजन्सीची सेवा घेतली. तिचे नाव येथे देत नाही, कारण चौकशी केल्यावर इतर ले-आऊटचे अनुभवही फारसे वेगळे निघाले नाहीत.

सेवेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत दोन पहारेकरी, आणि एजन्सीच्या भाषेत ‘डिजिटल गस्त’ होती. विजेच्या खांबांवर ११ क्यूआर कोड चिकटवलेले असत. पहारेकऱ्याने दर तासाला फिरून ते मोबाइलने स्कॅन करायचे आणि सकाळी आमच्या गटावर हिरव्या खुणांचा अहवाल यायचा. पाच महिने हा अहवाल इतका निर्दोष होता की त्याचीच शंका यायला हवी होती. दिवाळीनंतर एका पहाटे मी चौकीत डोकावलो, तेव्हा अकराही कोडांच्या झेरॉक्स प्रती आतल्या भिंतीवर ओळीने लावलेल्या दिसल्या. खुर्चीवरून न उठता गस्त पूर्ण होत होती, कारण स्कॅन नेमके कोठून झाले हे अ‍ॅप तपासतच नव्हते.

दोघांपैकी हे करणाऱ्या पहारेकऱ्याला मात्र मी पूर्ण दोष देणार नाही. तो दिवसा दुसऱ्या ठिकाणी बारा तासांची पाळी करून येत होता आणि एजन्सीला हे ठाऊक होते. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) कायदा, २००५ नुसार एजन्सीकडे परवाना आणि पहारेकऱ्याकडे छायाचित्रासह ओळखपत्र असावे लागते. केंद्राच्या आदर्श नियमांत १०० तासांचे वर्गातील आणि ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलेले आहे. आमच्याकडे आलेल्या दोघांना गणवेश, शिटी आणि काठी यांपलीकडे काहीही मिळालेले नव्हते. ओळखपत्रे आम्ही मागितल्यावर तिसऱ्या आठवड्यात आली. परवान्याची प्रत करार करण्यापूर्वीच पाहायला हवी होती, ही चूक आमची.

वर्गणीचे चीज झाले ते दुसऱ्या पहारेकऱ्यामुळे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडचा हा माणूस महिन्याभरात कोणाकडे कोणती गाडी आहे आणि कोणाचा मुलगा किती वाजता कामावरून परततो, हे ओळखू लागला. फेब्रुवारीत नंबरप्लेट नसलेल्या दुचाकीवरून दोघे जण एकाच गल्लीत तिसऱ्यांदा फिरताना दिसले, तेव्हा त्यांना न अडवता त्याने ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. राज्यात ही सेवा २०२१ पासून आहे आणि तिच्या दोन नियंत्रण केंद्रांपैकी एक नागपुरातच आहे. दहा मिनिटांच्या आत बीट मार्शल, म्हणजे दुचाकीवरून गस्त घालणारे पोलीस, पोहोचले. दुचाकीस्वार तोवर निघून गेले होते, परंतु मार्शलांनी त्याचा मोबाइल क्रमांक घेतला आणि तेव्हापासून रात्रीच्या गस्तीत ते चौकीपाशी थांबून त्याच्याशी दोन शब्द बोलू लागले. भिवंडीत १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांतून पोलीस आणि रहिवासी यांची नियमित गाठ घालून दिली होती, आणि १९९२-९३ मध्ये दंगलींत मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. आमचा प्रश्न त्यापुढे अगदीच किरकोळ आहे. तरीही शहरातील चौकांवरचे साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे आमच्या आतल्या गल्लीपर्यंत पोहोचत नाहीत, तेथे मार्शल आणि पहारेकरी यांची ही तोंडओळखच उपयोगी पडते.

एजन्सीला पाचपैकी अडीच गुण, त्यातले दोन त्या एका माणसाचे. करार आम्ही वाढवला आहे, पण तीन अटींवर : पहारेकरी आम्हाला विचारल्याशिवाय बदलायचा नाही, दिवसा दुसरी पाळी करणारा माणूस पाठवायचा नाही आणि स्कॅनसोबत ठिकाणाची नोंद झालीच पाहिजे. शेवटची अट मान्य करायला एजन्सीने सर्वांत जास्त वेळ घेतला.

यंदा गावी जाणाऱ्या चार कुटुंबांनी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली आहे. बालाघाटच्या त्या पहारेकऱ्याच्याच सूचनेवरून शेजारी रोज रात्री त्यांच्या कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा सुरू करतात. वाढीव वीजबिल कोणी भरायचे, यावरून मात्र मागच्या बैठकीत पाऊण तास वाद झाला.