किल्ला धरणारी की रानात पांगणारा?
परग्रहवासीयांनी व्यापलेल्या पृथ्वीवरच्या बंडाची एकांकिका लिहिणाऱ्या माझ्या भाचीला दोन प्रतिस्पर्धी सेनानींपैकी कोणाला पुढे करावे, हे ठरेना. ग्वाल्हेरच्या फुलबागेतल्या झाशीच्या राणीच्या समाधीपाशी बसून तिने वहीत दोन्ही नावे लिहून खोडली होती. मी तिला १८५८ ची आठवण करून दिली. जूनच्या आरंभी ग्वाल्हेरचा किल्ला बंडवाल्यांच्या हाती आला आणि महिना संपण्यापूर्वीच गेलाही. तटबंदी लोकांना धीर देते, परंतु शत्रूला ठिकाणही दाखवते. आकाशातून मारा करणाऱ्यापुढे तर ती फारच महाग पडेल. उलट तात्या टोपे त्यानंतर नऊ महिन्यांहून अधिक काळ निसटत राहिले आणि पकडले गेले ते विश्वासघाताने, कारण फिरत्या सेनानीला प्रत्येक मुक्कामी नव्या माणसावर विसंबावे लागते. नेपथ्याचा खर्च दोन्हींकडे सारखाच. तासाभरात शोकान्त गाठायचा असेल तर किल्ला धरणारी घ्यावी. बंड पुढल्या भागांत चालवायचे असेल, तर पांगणारा.