संख्यांचे गुणधर्म सांगणारी सेवा: उत्तरे अचूक, मांडणीत सरमिसळ

कोणतीही पूर्ण संख्या लिहिली की तिचे मूळ अवयव, विभाजक, अंकांची बेरीज, द्विमान रूप (फक्त ० आणि १ या अंकांनी केलेले लेखन) असे सारे एकाच तक्त्यात दाखवणारी एक विनामूल्य संगणकीय सेवा मी काही दिवस वापरून पाहिली. पारख करण्यासाठी मी मुद्दाम १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या निवडली. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. फ्रेंच गणिती मर्सेन यांनी १६४४ मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत घातली होती. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्युका यांनी ती संयुक्त, म्हणजे मूळ नसल्याचे दाखवले, पण त्यांच्या रीतीतून अवयव हाती लागत नव्हते. ते १९०३ मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले.

सेवेने ते क्षणार्धात दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. सर्व विभाजकांची बेरीज १४७५७३९५३३५१७०८३७७९३६ अशी आली. दिलेल्या संख्येत हे दोन अवयव आणि १ मिळवून मी ती कागदावर ताडून पाहिली, तंतोतंत जुळली. वेग आणि अचूकपणा यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

आक्षेप आहे तो मांडणीवर. ‘विभाजक ४’ आणि ‘अंकांची बेरीज १०९’ या ओळी एकाखाली एक, जणू एकाच तोलाच्या असल्यासारख्या येतात. चार विभाजक असणे हा त्या संख्येचा स्वतःचा गुण आहे. ती कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी तो बदलत नाही. १०९ मात्र आपण दशमान पद्धतीने लिहितो म्हणून येतात. द्विमानात हीच संख्या म्हणजे ओळीने ६७ एक, त्यामुळे तिथे अंकांची बेरीज ६७ होते आणि संख्या दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येते, जे दशमानात होत नाही. नव्याने शिकणाऱ्याला हा भेद तक्त्यातून कळण्याची सोयच नाही.

या संख्येचा सर्वांत सुंदर गुणधर्म तर तक्त्यात कुठेच नाही. तिच्या कोणत्याही मूळ अवयवातून १ वजा करावा, उरलेल्या संख्येला १३४ ने भाग जातोच. १९३७०७७२० भागिले १३४ बरोबर १४४५५८०, बाकी शून्य; दुसऱ्या अवयवाचा भागाकार ५६८५३६०१२९, बाकी पुन्हा शून्य. अशा अवयवाने २ चे घात भागत गेल्यास दर ६७ पायऱ्यांनी बाकी १ येते आणि ६७ मूळ असल्यामुळे त्याआधी ती येऊ शकत नाही. फर्माच्या प्रमेयाप्रमाणे अवयवातून एक वजा केल्यावर जितके उरतात तितक्या पायऱ्यांनीही ती १ च येते, म्हणून ती उरलेली संख्या ६७ च्या पटीत असते, आणि अवयव विषम असल्याने ती समही असते; म्हणून तिला ६७ च्या दुपटीने, म्हणजे १३४ ने, भाग जातो. हाताने अवयव शोधणाऱ्याचे किती भागाकार या एका नियमाने वाचत असतील!

अवयव ताडून पाहण्यासाठी ही सेवा बिनदिक्कत वापरावी. शिकवण्यासाठी मात्र मी ती सध्या सुचवणार नाही. तक्त्याचे दोन भाग पाडून, लेखनपद्धतीवर अवलंबून असलेले गुणधर्म वेगळे दाखवले, तर माझे मत बदलेल.