जुन्या गाडीचा डीलर आणि विक्रीनंतरचे सात महिने

१७ फेब्रुवारी २०२४ रोजी मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका डीलरकडून २०१८ साली नोंदणी झालेली पेट्रोल हॅचबॅक ४ लाख ३५ हजार रुपयांना विकत घेतली. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना मुलुंड स्टेशनचा पूल चढणे जमत नव्हते आणि दर आठवड्याला त्यांना फिजिओथेरपीसाठी न्यावे लागत होते, म्हणून गाडीची गरज खरी होती आणि नव्या गाडीइतके पैसे हाताशी नव्हते. डीलरशी शेवटी जी लेखी तडजोड झाली तिच्यात त्याचे नाव जाहीर न करण्याची अट मी मान्य केली आहे. त्यामुळे नाव देत नाही, मात्र घडले ते सारे लिहिते आहे.

विक्रीपर्यंतचा अनुभव चांगला होता, हे आधी नोंदवते. आवार स्वच्छ होते, गाड्यांवर किमती स्पष्ट लिहिलेल्या होत्या आणि कोणी घाई केली नाही. द्रुतगती महामार्गावर वीस मिनिटे गाडी चालवून पाहू दिली. मीटरवरचे किलोमीटर पुढे सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहिले तेव्हा तेही बरोबर निघाले. विक्री प्रतिनिधी म्हणाला होता, “मॅडम, फर्स्ट ओनर, डॉक्टरांची गाडी आहे, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल.” हे वाक्य मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला सांगितले आणि त्याने ते लगेच पाठवले. त्या वेळी मी ते केवळ घरच्यांना दाखवण्यासाठी मागितले होते. पुढे माझ्या बाजूने सर्वांत जास्त वजन त्याच एका ओळीला आले.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकायला हवी होती. मी सकाळी साडेदहाला पोहोचले तेव्हा गाडी आधीच सुरू करून, पुसून, दारात आणून ठेवलेली होती आणि इंजिन गरम होते. इंजिनाचे कित्येक दोष पहिल्या थंड स्टार्टलाच दिसतात: धुराचा रंग, आवाज, बाटलीतल्या कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, खरी पातळी. रात्रभर उभी राहिलेली गाडी आपल्या समोर सुरू करायला सांगणे हा खरेदीदाराचा साधा हक्क आहे आणि तो मी वापरला नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कूलंटच्या बाटलीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली दिसली. पार्किंगमध्ये गाडीखाली एक थेंबही नव्हता. इंजिन आणि गिअरबॉक्सवर सहा महिन्यांची वॉरंटी होती, म्हणून ३० मार्चला गाडी डीलरच्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी कूलंट भरून दिले आणि उन्हाळ्यात पातळी थोडी कमी होतेच, असे सांगितले. बंद प्रणालीतले कूलंट उन्हाने उडून जात नाही. ते कमी होत असेल तर कुठून तरी बाहेर पडते किंवा इंजिनात जळते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, वर्कशॉपला नक्कीच ठाऊक असणार. २० एप्रिलला दुसरी फेरी झाली, त्यात रेडिएटरचे झाकण आणि एका पाइपाची क्लिप बदलली. दोन्ही वेळा जॉब कार्ड, म्हणजे केलेल्या कामाची लेखी नोंद, मागितले आणि दोन्ही वेळा “वॉरंटीच्या कामाचे कार्ड होत नाही” असे उत्तर मिळाले, म्हणून दर वेळी त्याच संध्याकाळी घरी आल्यावर मी काय तक्रार केली, त्यांनी काय बदलले आणि मीटरवर किती किलोमीटर होते ते ई-मेलने त्यांना कळवले. ही सवय मला नोकरीतून लागलेली आहे आणि या प्रकरणात ती फार उपयोगी पडली.

११ मे रोजी पुण्याला जाताना खोपोलीच्या पुढे चढ सुरू झाला आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. मागच्या सीटवर आई आणि बाबा होते. एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला, कारण हीटरमुळे इंजिनाची थोडी उष्णता तरी बाहेर पडते, आणि मिळेल तिथे गाडी कडेला घेतली. घाटातल्या दुपारच्या उन्हात, शेजारून अवजड ट्रक जात असताना, पाय वाकवता न येणाऱ्या माणसाला पाऊण तास गाडीत बसवून ठेवावे लागणे हे मी विसरलेले नाही. इंजिन थंड झाल्यावर पाणी भरून लोणावळ्यापर्यंत गेलो आणि पुणे रद्द करून दुसऱ्या दिवशी सावकाश परतलो.

घाटातल्या प्रकारानंतर गाडी तिसऱ्यांदा डीलरच्या वर्कशॉपमध्ये दिली. ती परत मिळाली तेव्हा काटा आश्चर्य वाटावे इतका खाली राहू लागला. मी समाधानी झाले. मात्र पुढच्या तीन आठवड्यांत शहरातले मायलेज लिटरमागे पंधरावरून अकरा-बारावर आले. तेव्हा ओळखीतून भांडुपच्या एका जुन्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या काकांनी थर्मोस्टॅटची जागा उघडली तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. इंजिन ठरावीक तापमानाला, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, येईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप असते. ती काढून टाकली की पाणी सतत फिरत राहते, काटा खाली दिसतो, इंजिन मात्र नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त लागते. दोष तसाच राहतो, फक्त मालकाला तो दिसेनासा होतो.

त्यानंतर काकांनी रेडिएटरमधले थोडे पाणी एका पांढऱ्या डब्यात काढले. ते ना हिरवे होते ना गुलाबी, गढूळ तपकिरी होते आणि तळाशी बारीक दाणे बसलेले होते. त्यांनी ते दाणे अंगठा आणि तर्जनीत चोळून माझ्यासमोर धरले आणि म्हणाले, “ताई, ही माती नाही. गळती थांबवायची पावडर टाकलीय कोणीतरी. आतल्या नळ्या यानेच चोंदल्यात.” मग बाटलीच्या तोंडावर तपासणीची नळी बसवून इंजिन सुरू केले. नळीतले निळे द्रव काही मिनिटांत पिवळे झाले. इंजिनात जळलेला वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तरच तो रंग असा बदलतो. याचा अर्थ हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधले पॅकिंग, गेलेले होते. अ‍ॅल्युमिनियमचे हेड जास्त तापले की किंचित वाकते, पॅकिंगची पकड सुटते, वायू पाण्याच्या मार्गात शिरतो आणि पाणी सिलिंडरमध्ये जाते. गाडीखाली थेंब का दिसत नव्हता, याचे उत्तर मिळाले.

गाडी मुळात तापली कधी, हे शोधायला मला गॅरेजची नाही, कागदांची मदत झाली. डीलरने दिलेल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आधीच्या मालकाची विमा पॉलिसी होती आणि तिच्यावर नो क्लेम बोनसच्या रकान्यात शून्य टक्के लिहिले होते. क्लेम न करता वर्षे गेली की हा बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, २० टक्क्यांपासून वाढत पाचव्या नूतनीकरणाला ५० टक्क्यांपर्यंत जातो. पाच वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर शून्य दिसत असेल, तर आदल्या वर्षी क्लेम झाला असण्याची शक्यता मोठी असते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून इतिहास काढला तेव्हा तसेच निघाले: २०२२ साली समोरून धडक, बोनेट, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर बदललेला. हा कागद फेब्रुवारीपासून माझ्याच कपाटात होता. पैसे देण्याआधी तो वाचला असता तर ही गाडी मी घेतली नसती, निदान या किमतीला तरी नाही.

हे सर्व घेऊन मी डीलरकडे गेले. त्यांनी वॉरंटीचे पत्रक पुढे केले. त्यात ‘इंजिनचे वंगण मिळणारे अंतर्गत भाग’ समाविष्ट होते. गॅस्केट, सील, पाइप, रेडिएटर आणि ‘गाडी गरम झाल्यामुळे झालेले कोणतेही नुकसान’ बारीक अक्षरांत वगळलेले होते. जुन्या गाडीचे इंजिन निकामी होण्याचे जे सर्वसाधारण कारण, तेच बाजूला काढून उरलेल्या इंजिनाची हमी दिली होती. विक्रीच्या वेळी “इंजिनची पूर्ण जबाबदारी आमची” असे ऐकलेल्या ग्राहकासाठी याला मी फसवणूकच म्हणते. जुनी गाडी जुनीच असते, तिचे बुश झिजलेले असतात, बॅटरी थकलेली असते, त्याबद्दल मी एकदाही तक्रार केली नाही. अपघात झालेला असताना झाला नाही असे सांगणे आणि दोष दुरुस्त न करता झाकणे, एवढीच माझी तक्रार होती.

८ जुलैला मी पोचपावतीसह रजिस्टर्ड नोटीस पाठवली आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, वकील सक्तीचा नाही आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. माझी गाडी त्या मर्यादेत बसत होती. नोटिशीत मी कलमांची जंत्री दिली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ हे वाक्य, त्याखाली सर्व्हिस सेंटरची २०२२ ची नोंद, तिन्ही फेऱ्यांचे ई-मेल आणि गॅरेजच्या तपासणीचे फोटो तारखेनुसार लावले. आतापर्यंत फोन न उचलणाऱ्या व्यवस्थापकांचा सहाव्या दिवशी स्वतःहून फोन आला.

दुरुस्ती त्यांच्या वर्कशॉपमध्ये करायला मी ठाम नकार दिला. भांडुपच्या गॅरेजने हेड उघडून लेथवर फेसिंग करून, म्हणजे त्याचा पृष्ठभाग सपाट करून, घेतले आणि नवे पॅकिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर बसवले. बिल ४३,८०० रुपये झाले. डीलरने ३०,००० दिले. पहिल्या मसुद्यात ‘या गाडीविषयी माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही व पुढे राहणार नाही’ असे वाक्य होते. ते खोडून ‘इंजिन व कूलिंगच्या दुरुस्तीपोटी’ एवढेच लिहून घेतल्यावर मी सही केली, कारण तोवर आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, माझ्या नावावर झालेली नव्हती.

आरसीचा हा विलंब मला इंजिनाच्या दोषाइतकाच गंभीर वाटतो. कायद्याप्रमाणे खरेदीदाराने हस्तांतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. हे काम डीलरने पैसे घेऊन अंगावर घेतले होते आणि पाच महिने ते झाले नाही. या काळात विमाही जुन्या मालकाच्या नावावर होता, म्हणजे घाटात माझ्या गाडीचे काही नुकसान झाले असते तर भरपाई मिळण्याची खात्री नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे असते आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची ऑनलाइन नोंद व्हायची असते. मी ते अधिकारपत्र पाहायला मागितले तेव्हा “प्रोसेसमध्ये आहे” असे उत्तर मिळाले. माझ्या गाडीवर डिसेंबर २०२३ चे एक ई-चलनही निघाले. त्या दिवशी गाडी डीलरच्याच आवारात होती, त्यामुळे ते त्यांनी वाद न घालता भरले.

या डीलरला मी पाचपैकी दोन गुण देते. एक गुण विक्रीच्या वेळच्या शांत वागणुकीचा आणि खऱ्या किलोमीटरचा, एक शेवटी का होईना पण पैसे दिल्याचा. तिथे किंवा तशा कोणत्याही ठिकाणी जाणाऱ्यांना माझी विनंती आहे की टोकन देण्यापूर्वी जुन्या पॉलिसीचा तो रकाना पाहावा, सर्व्हिसचा इतिहास मागावा आणि वॉरंटीचे पत्रक घरी नेऊन वगळलेल्या भागांची यादी वाचावी. माहीतगार मेकॅनिकला सोबत नेण्याचे मला हजार रुपये पडले असते. डीलर त्याला बोनेट उघडू देत नसेल तर तिथून परत यावे.

सप्टेंबरमध्ये बाबांना घेऊन पुन्हा पुण्याला गेले. खोपोलीच्या चढावर बाबा सगळा वेळ पुढे वाकून काट्याकडे पाहत होते. काटा मधोमध राहिला. लोणावळ्यात उतरून, इंजिन निवल्यावर, बोनेट उघडले तेव्हा बाटलीतले कूलंट दोन्ही खुणांच्या मध्ये होते आणि रंगाने स्वच्छ हिरवे होते. डाव्या मागच्या दिव्यात पावसाचे पाणी अजून साचते. ती तक्रार डीलरकडे ऑगस्टपासून लेखी दिलेली आहे आणि तिला उत्तर आलेले नाही.