‘१८३० चा, हस्तिदंती मुठीचा’ रॉजर्स वस्तरा: पातं अस्सल, बाकी कहाणी

सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा हा वस्तरा ‘१८३० च्या सुमाराचा, सगळे भाग मूळचे, मूठ हस्तिदंती’ असं सांगून विकला गेला आहे. पातं अस्सल आहे आणि अजून दाढी करण्याजोगं आहे. साल चुकलंय, आणि मुठीबद्दलचा दावा तर सपशेल खोटा.

सालाची चूक देठावरच, म्हणजे पातं आणि शेपूट यांच्या मधल्या जाड भागावर कोरलेली आहे. दिवा बाजूने तिरका धरून दहापट भिंगातून पाहिलं की ठसा उठून दिसतो: मुकुट, त्याच्या दोन बाजूंना व्ही आणि आर (व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे राणी व्हिक्टोरिया), खाली ‘कटलर्स टु हर मॅजेस्टी’, म्हणजे राणीसाहेबांचे सुऱ्या-वस्तरे बनवणारे. व्हिक्टोरिया गादीवर आली २० जून १८३७ ला. १८३० च्या जूनपर्यंत चौथा जॉर्ज होता, नंतर चौथा विल्यम. राजाच्या अमदानीत ‘हर मॅजेस्टी’ कुठून येणार? म्हणजे वस्तरा १८३७ च्या आधीचा नाही. व्ही आर दिसलं की राजघराण्याचा पुरवठादार, असंही समजू नये. शेफिल्डच्या कितीतरी कारागिरांनी ती अक्षरं सर्रास ठोकली. रॉजर्सकडे राजघराण्याची सनद खरोखर होती, हा भाग वेगळा.

चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही रॉजर्सची खूण वयासाठी निरुपयोगी, कारण ती १६८२ पासूनची आहे. हेंकेल्स या जर्मन सुरी-कंपनीची जुळी माणसं ही खूणही १७३१ ची, तरी ती आजच्या सुरीवरही सापडतात. कंपनी किती जुनी आणि वस्तू किती जुनी, यांची गल्लत इथेच होते.

ठशात ‘इंग्लंड’ नाही म्हणून वस्तरा १८९१ च्या आधीचा, असं बरेच जण ठोकून देतात. अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्याने मार्च १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, हे खरं. पण दुसऱ्या बाजारांत जाणाऱ्या मालाला तो कायदा लागू नव्हता. ‘इंग्लंड’ असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. नसेल तर काहीच सिद्ध होत नाही.

मग उरते घडण. पातं जाड, जवळजवळ पाचरीसारखं, बाजू किंचितच खोलगट. शेपूट लांब आणि वळलेली, देठाखाली बोट घसरू नये म्हणून बारीक आडव्या खाचा. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्याला शेपूट नसते, असली तर आखूड बोंडासारखी. उलट, नखाने दाबलं तर लवणारं पूर्ण पोकळ पातं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलं. हा नमुना मधला. व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध, यापुढे जाऊन नेमकं साल सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

मूठ पाहताच शंका यावी. वस्तरा मिटला की पात्याचं टोक सुमारे ३ मिलिमीटर बाहेर राहतं आणि धार मुठीच्या दोन पट्ट्यांपैकी एकीला घासते. मूळ मुठीत असं होत नाही. एका टोकाला पितळी घुमटी वॉशर, दुसऱ्या टोकाला सपाट. ‘हस्तिदंता’वरच्या रेषा पट्टीने आखल्यासारख्या समांतर, खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दिसतात. अंगठ्याने जोरात घासलं की कापराचा वास येतो, म्हणजे सेल्युलॉइड, एक जुनं प्लास्टिक. ते १८७० च्या आसपास बाजारात आलं, तेव्हा मूठ त्यानंतरची. गरम सुई टोचून परीक्षा करू नका: सेल्युलॉइड भडकन पेटतं.

सेल्युलॉइडचा दुसरा दोष जास्त महागात पडतो. ते जुनं झालं की आम्लाची वाफ सोडतं आणि पातं आतून गंजवतं. इथे गंजाचे ठिपके मिटल्यावर मुठीत जाणाऱ्या भागावरच आहेत, देठ स्वच्छ. असा वस्तरा मिटवून पेटीत ठेवू नये.

दाढीच्या दृष्टीने मात्र माल चांगला. पात्याची रुंदी १९ मिलिमीटर, पाठीची जाडी ५ मिलिमीटर. धारेचा कोन साधारण १५ अंश येतो, तो योग्य. धारेजवळ गंजाचा खड्डा नाही. असता तर धार लावताना दगडावर तिथेच कपची उडाली असती. ठशाच्या अक्षरांच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत, म्हणजे कोणी पॉलिशच्या चाकावर धरलेला नाही. चाकाने अक्षरं बोथटतात, शिवाय पातं तापून निळसर झालं की त्याचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतं. उरलेले ठिपके तेल आणि बारीक पॉलिश पेपरने हातानेच काढावेत, ठशाला हात न लावता.

पात्याचा भाव द्यावा, हस्तिदंताचा नाही. मूठ बदलायची तर खिळा थेट ठोकून काढू नका. आधी कानशीने त्याचं डोकं घासून वॉशर मोकळा करा, मग खिळा ढकला. नाहीतर पट्टी छिद्रापाशी चिरते.