दारोदार की फोनवर? नाशिकच्या प्रचारातले दोन अनुभव

महापालिका निवडणुकीत मी दोन्ही केलं: आठवडाभर सिडकोत दारोदार फिरलो, नंतर कार्यालयात बसून फोन लावले.

फोन सोपा. पंख्याखाली बसायचं, चहा हाताशी, तासाभरात पन्नास नंबर फिरवून होतात. पण निम्मे उचलत नाहीत आणि उचलणारे "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतात. बाहेरगावी नोकरीला गेलेल्या मतदाराला गाठायचं तर मात्र फोनच.

दारोदारीचं गणित वेगळं. तासात जेमतेम पंधरा-वीस घरं होतात, तीही लिफ्ट नसलेल्या इमारतींत. दुपारी एक ते चार बेल वाजवूच नका, शिव्या मिळतात! संध्याकाळी सहानंतर माणसं भेटतात. एक आजी म्हणाल्या, "आधी पाणी पी बाबा, मग सांग." पाण्याबरोबर नळाच्या तक्रारीही आल्या. त्या वहीत उतरवून घेतल्या की घर लक्षात राहतं.

खरा फरक कळला तो चार सदस्यांच्या प्रभागात. अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबायचं, हे फोनवर समजावताना माझी दमछाक झाली. दारात नमुना मतपत्रिका हातात दिली की दोन मिनिटांत उमगतं. मतदार यादीतलं नाव आणि केंद्रही तिथंच दाखवता येतं.

नवख्याने आधी जुन्या कार्यकर्त्यासोबत चार दिवस फिरावं. फोन काय, गुडघे दुखायला लागल्यावरही लावता येतात.